ओलेटाचं चाटण

माझं अमेरिकेत, मिसूरीत पशुखाद्याचं दुकान आहे. हरणांसाठीच्या खनिज-मिठाच्या गोण्या सगळ्यात जास्त कुणी नेल्या असतील, तर ओलेटा रॅग्सडेलने. बावीस वर्षं शाळेची बस चालवतेय, आणि बस सोडून उरलेला सगळा वेळ हरणांना वाहिला. मार्च लागला की घरामागच्या रानात ओकच्या सडक्या बुंध्यावर गोणी ओतायची. पावसाने मीठ मातीत मुरायचं आणि हरणं ती माती चाटून चाटून गुडघाभर खड्डा करायची; हेच तिचं चाटण. शिंगं फुटणाऱ्या नरांना आणि पाजणाऱ्या माद्यांना मीठ लागतंच, असं ती म्हणायची. मीही मान डोलवायचो. गोण्या माझ्याच ना.

बुंध्यापलीकडे एकरभर सलगम आणि क्लोव्हरचं गवत, तेही हरणांसाठीच. त्या तुकड्याची माती तपासून घेऊन ती चुना टाकायची. तिचा नवरा हॉयट कुरकुरायचा, "हरणांना ताजा पाला, आणि मला कालच्या थंड बीन्स."

"तू शेपटी वर करून पळून दाखव, तुलाही घालते," ओलेटा म्हणायची.

नोव्हेंबरात पुतणे शिकारीला यायचे. चाटणाजवळ बंदूक न्यायची नाही, हा तिचा नियम. रानात दुसरीकडे कुठेही बसा. घरच्या फ्रीजरमध्ये मांस भरण्यापुरती एक मादी ओलेटाही मारायची.

गेल्या जुलैत फाटक्या कानाची मादी खड्ड्यापाशी उभी दिसली. बरगड्या वर आलेल्या, तोंडातून लाळ गळत होती, आणि ओलेटा दहा पावलांवर गेली तरी ती हलेना. ओलेटाने वन्यजीव खात्याच्या केसिंजरला फोन केला. तो लहानपणी तिच्याच बसमधून शाळेत गेलेला. त्याने मादीला गोळी घातली आणि डोकं तपासणीला पाठवलं. दोन आठवड्यांनी तो टोपी हातात घेऊन दारात आला.

"हरणांना झिजवून मारणारा तो रोगच आहे, ओलेटामावशी. याला औषध नाही. सगळी एकाच खड्ड्यात तोंड घालतात, लाळ मातीत राहते. चाटण बंद करावं लागेल."

"आणि सलगम?"

"ते राहू दे. तिथं पांगून खातात."

"म्हणजे मीच त्यांना एका ताटात बसवलं."

"तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"मी विचारलं तरी होतं का कुणाला?"

दुसऱ्या दिवशी तिने न फोडलेल्या दोन गोण्या दुकानात आणून टाकल्या. मी म्हटलं, "तुझ्या चाटणामुळेच झालं, हे कुणी सिद्ध केलंय?"

"डेल, तू मीठ विकतोस. तुझं मत तुझ्यापाशीच ठेव."

मला राग आला, आणि तिचं खरं होतं म्हणून जास्त आला.

तिने आणि हॉयटने खड्डा दगडांनी भरला. हरणं दगडांच्या कडेची माती चाटायला लागली. नोव्हेंबरात पुतण्यांनी मारलेल्या चारांपैकी एक आजारी निघालं. मग केसिंजर परवानगी मागायला आला: रोग पसरायच्या आत जानेवारीत इथला कळप कमी करायचा. खात्याची माणसं आठवडाभर मका टाकून हरणं गोळा करतील आणि मग मारतील.

"नाही म्हण," हॉयट म्हणाला. "रान आपलं आहे."

"रान आपलं, पण हरणं कुंपण ओळखतात का? डोंगरापलीकडे गेली की तिकडचीही मरतील." मग केसिंजरकडे वळून ती म्हणाली, "तुमची माणसं मका टाकतील तर एक हरीण यायचं नाही. माझ्या पावलांचा आवाज त्यांच्या ओळखीचा आहे. मीच टाकते."

आठ दिवस, दुपारी मुलांना घरी सोडून आली की ती बादली घेऊन जायची. ती परत फिरायच्या आतच हरणं झाडीतून बाहेर यायची. नवव्या दिवशी मका टाकून ती घरात आली आणि स्वयंपाकघरात हॉयट आणि माझ्याबरोबर बसली; मी दुकान बंद करून आलो होतो. रानातून आलेले अकरा गोळ्यांचे आवाज मोजले आम्ही. कुणी कॉफीला हात लावला नाही.

तीन आठवड्यांनी केसिंजर निकाल घेऊन आला. आवाजात सुटल्याचा आनंद होता. "अकरांपैकी एकच आजारी, मावशी! वेळेत आवरलं आपण. चांगली बातमी आहे ही."

"चांगलीच आहे," ओलेटा म्हणाली. ती रडत होती आणि लपवत नव्हती. "दहा धडधाकट होती. मी बोलावलं म्हणून आली."