मामींचा चढ आणि माझी दाढ

हृदयविकारावर मी तीन महिने सखोल संशोधन केलं आणि त्यात माझी एक धडधाकट दाढ गेली.

झालं असं, की माले गावी माझ्या सासूबाईंना (आम्ही त्यांना मामी म्हणतो) हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, आठवड्यात मामी घरी आल्या. इकडे बावधनला मी मात्र पेटलो! मोबाईलवर सापडेल ते वाचलं, तंबाखू, मधुमेह, जागरण अशी धोक्यांची जाडजूड फाईल केली. सोसायटीत कुणी नुसतं हुश्श केलं तरी मी विचारायचो, "छातीत दाब वाटतो का?" लोक मला टाळायला जिन्याने जायला लागले. (हृदयाला चांगलंच ते!)

त्याच सुमारास माझी डावी दाढ ठणकायला लागली. जिना चढलो की ठणका, बसलो की गायब. दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, दाढ चांगली आहे."

"मॅडम, दाढ माझी आहे. काढा!"

दोनदा त्यांनी समजावलं, तिसऱ्यांदा त्या हरल्या. दाढ निघाली, ठणका राहिला. मग मी शेजारच्या दाढेवर संशय घेतला.

अशात माझी बायको वैशाली म्हणाली, "आईला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. सोबतीला कुणीतरी जाणकार हवं." जाणकार म्हणजे अर्थातच मी!

मालेला पोचल्यावर पहिल्याच सकाळी आम्ही वरच्या भातखाचराकडे निघालो. मामी पुढे, मी फाईल घेऊन मागे. "मामी, सावकाश! हृदयावर ताण येईल!" असं ओरडता ओरडता निम्म्या चढावर दाढ अशी ठणकली, की मी गाल धरून दगडावर टेकलो.

मामी मागे फिरल्या. "काय झालं, जावईबापू?"

"काही नाही, दाढ."

दोन मिनिटांत ठणका थांबला. उठलो, तर वीस पावलांवर पुन्हा!

"बसल्यावर थांबती व्हय दाढ?"

"थांबते ना."

"अन् चढाला लागलं की दुखती?"

"हो."

"आवं, मग ती दाढ कशाची! दवाखान्यात शिस्टरनी आमाला चित्र दावलं व्हतं. छाती लाल, डावा हात लाल, जबडा बी लाल. हितनं हलू नका!"

ते चित्र माझ्या फाईलमध्येही होतं. पण चित्रं अडाण्यांसाठी असतात म्हणून मी ते पान उलटलं होतं.

आता मात्र मी घाबरलो, खरंच घाबरलो. "मामी, तुमची ती जिभेखालची गोळी द्या!"

"माझी गोळी तुमाला न्हाई. डागदर दील ती घ्यायची."

आणि नुकत्याच मरणाच्या दारातून परतलेल्या त्या बाईने अशी हाक मारली, की खालचा दुधाचा पिकअप थेट बांधापर्यंत आला! कॅनच्या मधोमध मला आडवं केलं. मी क्षीण आवाजात म्हणालो, "मामी, वैशालीला सांगा..."

"तुमीच सांगा संध्याकाळी. गप पडा!"

दवाखान्यात मामींचा चेहरा ओळखीचा. दारावरच्या माणसांनी धावत स्ट्रेचर आणलं आणि मामींनाच त्यावर आडवं केलं!

"आवं, माझं झालंय! आता ह्यांची पाळी!"

निघाला अँजायना. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद! ती उघडून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "अगदी वेळेत आलात. ओळखलं कुणी?" मी मामींकडे बोट दाखवलं आणि फाईल उशीखाली सरकवली. काय बाई आहे! जीव वाचवला, आणि वर मला एका शब्दानेही टोचलं नाही.

विश्रांतीसाठी माझा मुक्काम मालेलाच पडला. जावई इतके दिवस सासरी म्हटल्यावर गावात चौकशा सुरू झाल्या. मामी सगळ्यांना सांगायच्या, "माझ्यावर ध्यान ठेवाया आल्यात. लई काळजी हाय त्यांना!" रोज त्याच चढावर आम्ही हळूहळू चालायचो. दर पन्नास पावलांवर मामी "आई गं, दमले" म्हणून बसायच्या. नाइलाजाने मीही बसायचो आणि त्यांना धीर द्यायचो.

पंधरा दिवसांनी एका सकाळी मला उठायला उशीर झाला. ओट्यावर येऊन बघतो तर मामी एकट्याच तो अख्खा चढ कुठेही न टेकता चढून गेलेल्या, आणि वरून शेजारणीशी खणखणीत आवाजात गप्पा मारत होत्या.

मी गुपचूप आत गेलो आणि फाईल उघडली. आदल्याच संध्याकाळी माझ्या सुवाच्य अक्षरात मी नोंद केली होती: 'मामी फार लवकर दमतात. त्यांना एकटं सोडणं धोक्याचं. सोबत माझ्यासारखा धडधाकट माणूस हवाच!'