दारू सोडायची गोळी

आक्का, माझी थोरली बहीण, निपाणीजवळच्या एका मराठी शाळेत शिकवायची. सासर जैन, गुळाच्या व्यापारातलं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकणारं घर. फळ्यावर लिहिताना तिच्या हातातून खडू गळायला लागला, मग चालताना झोक जायला लागला. बेळगावच्या मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितलं. घरी आम्ही त्याला नसांचा आजार म्हणू लागलो.

मी बेळगावात अनगोळला राहतो, जवळच्या मच्छे गावात एका कारखान्यात कामाला आहे. तिला दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडं आलं. इंजेक्शनं सुरू झाली. आजाराचा जोर कमी झाला, पण पायातल्या कळा काही जाईनात. विजेचा झटका बसावा तशा त्या यायच्या. नेहमीच्या गोळ्यांनी तिला गुंगी यायची, वर्गात उभं राहवायचं नाही.

तेव्हा डॉक्टरांनी नालट्रेक्सोन सुचवलं. "हे औषध दारू सुटावी म्हणून देतात. अगदी थोड्या मात्रेत काहींना कळा आणि थकवा कमी वाटतो. पण या आजारासाठी ते मंजूर झालेलं नाही, पुरावाही तोकडा आहे. आजार थांबवायला इंजेक्शनच. ते सोडायचं नाही. आणि हे चालू असताना कुणी जबर वेदनाशामक द्यायला लागलं, तर आधी सांगायचं."

बाहेर येऊन आक्का हसली. "आमच्या सासूबाईंना काय सांगू रं? सून दारू सोडायलीय म्हणून?"

डॉक्टर झोपताना घ्या म्हणाले होते, तिनं विचारून दिवस मावळायच्या आधी घ्यायला सुरुवात केली. महिनाभरानं तिचा फोन आला. "आज शाळेत पोरांबरोबर प्रार्थनेला उभी राहिले. शेवटपर्यंत." झोक जायचा तो जायचाच, पण कळा खरंच ओसरल्या होत्या. औषधानं की आशेनं, डॉक्टरांनाही सांगता येईना. आम्हाला त्याचं काय!

एकदा औषध संपत आलं आणि मला लगेच आणून द्यायला जमेना, म्हणून तिच्या थोरल्या दिरांनी चिठ्ठी निपाणीतल्या दुकानात नेली. दुकानदार भर गिऱ्हाइकात म्हणाला, "दारू सोडायची गोळी? तुमच्या घरात कोण पितंय हो?"

दीर औषध न घेताच परतले. दुसऱ्या दिवशी मी औषध घेऊन पोचलो, तेव्हा संध्याकाळची पानं वाढली होती. थोरले दीर ताटावरून उठले. "भर बाजारात मला इचारलं. ह्या घरात कोण पितंय म्हणून!"

मी सगळं समजावून सांगितलं. पण मी पडलो सुनेच्या माहेरचा माणूस. सगळे दाजींच्या, म्हणजे आक्काच्या नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होते. डॉक्टर बोलले तेव्हा दाजी तिथंच बसले होते, त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी ताट पुढं ओढलं आणि म्हणाले, "आधी जेवा सगळी."

आक्का भिंतीला धरून आत गेली.

गोष्ट गल्लीत गेली, गल्लीतून शाळेत. बाई झिंगत येतात, अशी एका पालकानं हेडमास्तरांकडं तक्रार केली. आक्कानं ती गोळी बंद केली. मी फोनवर भांडलो.

"लोकांसाठी सोडतीस व्हय?"

"गोळी न्हाय म्हटल्यावर बोलायचं कारण उरणार न्हाय," ती म्हणाली.

पण झोक जायचा थांबला नाही, आणि लोकांचं बोलणंही थांबलं नाही. कळा परत आल्या. उन्हाळ्यात त्या आजाराचाच मोठा ॲटॅक आला आणि दोन्ही पाय लुळे पडले. गोळी बंद केल्यामुळं हे झालं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. "नाही. तसं मनात आणू नका," ते म्हणाले. इंजेक्शन बदललं. आक्कानं ती गोळीही पुन्हा सुरू करून बघितली, या खेपेला गुण आला नाही. काही महिन्यांनी डॉक्टरांनीच थांबवली. नोकरी तिनं सोडली.

आता ती माझ्याकडं असते. बेळगावात फिजिओथेरपीची सोय आहे, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. दाजी दर रविवारी येतात. मागच्या खेपेला ते म्हणाले, "त्या दिवशी मी बोलायला पायजे होतं."

"व्हय," आक्का म्हणाली.

मी चहा टाकायला आत गेलो. परत आलो तर दाजी खाली बसून तिच्या पायाची नखं काढत होते.

"लागतंय काय गं?"

"कळत न्हाय," आक्का म्हणाली. "तुम्हीच बघून काढा."