तांब्याखालची ओंजळ

"खाली बसा. खुर्चीवर बसून पाणी मागतात का?"

हे मला सांगत होते एक निवृत्त अधीक्षक अभियंता. जागा, कोल्हापुरातल्या प्रशिक्षण केंद्राचा हॉल. आम्ही सगळे पाटबंधारे खात्यातले अभियंते. विषय होता, पाणी वापर संस्थांशी कसं वागावं. नुसतं भाषण द्यायचं नाही, गावची पाणीसभा हॉलमध्येच भरवायची, ही सरांची पद्धत. प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं. कुणी संस्थेचा चेअरमन, कुणी पाळीचं पाणी सोडणारा पाटकरी, कुणी कालव्याच्या तोंडाचा शेतकरी, कुणी शेपटाचा, जिथं पाणी सगळ्यांत शेवटी पोचतं तिथला.

माझ्यापाशी येऊन ते थांबले. आडनाव त्यांनी सकाळीच विचारून घेतलं होतं.

"तुम्ही मागासवस्तीतली बाई. तुम्हाला अभिनय करायची गरज नाही."

हॉल खदाखदा हसला. ज्यांच्याबरोबर सकाळी चहा घेतला, तेही हसले.

आणि मी बसले. फरशीवर. वरिष्ठ म्हणाले की गुडघे आपोआप दुमडतात, नोकरीने लावलेली सवय. माझी मलाच किळस आली.

चेअरमन झाला होता मलकापूरकडचा एक जण, माझ्याच हुद्द्याचा. त्याच्या अंगात सोंग भलतंच शिरलं. कँटीनमधून त्याने पाण्याचा तांब्या आणवला आणि माझ्या डोक्यावर उभा राहिला.

"वंजळ धर की. वरनं सोडतो. तांब्याला हात न्हाय लावायचा."

सरांनी टाळी वाजवली. "बरोबर. गावात असंच चालतं."

मी ओंजळ धरली. पाणी हातावर पडलं, कोपरापर्यंत ओघळलं. आणि मला माझा बाप दिसला.

आमचं गाव हातकणंगल्याकडचं. जमिनीचा तुकडा कालव्याच्या शेपटाला. एका उन्हाळ्यात पाळी आमची होती, पण पाणी वरच्या उसातच मुरत राहिलं. बापाने जाऊन स्वतः गेट उचललं. गावच्या चेअरमनच्या माणसांनी त्याला तिथंच लोळवला. खोऱ्याच्या दांड्याने पाठीवर, मग तोंडावर. शाळेच्या कपड्यांत मी बांधावर उभी होते. त्याचे दात पाटाच्या पाण्यात पडले. चेअरमन मोटरसायकलवरून उतरलासुद्धा नाही. बसल्या जागेवरून म्हणाला, "पाणी पायजे तर वंजळ धरायची. गेटाला हात न्हाय लावायचा." त्याच्या माणसाने वरून पाणी सोडलं. बाप फुटलेल्या तोंडाने ते प्यायला. ओंजळ लाल झाली होती.

गेटाची किल्ली माझ्या हातात यावी म्हणून मी अभियंता झाले. किल्ली आली. आणि मी त्याच ओंजळीसकट फरशीवर बसले होते.

हात सोडले. उठले. तांब्या त्या मलकापूरकराच्या मुठीतून हिसकावला आणि त्याच्याच तोंडावर हाणला. भुवई फुटली. रक्त गळ्यातल्या ओळखपत्रावर टपकलं. तो खुर्च्यांवर कोसळला. मी पुन्हा हात उचलला, तेव्हा दोघांनी मला मागून धरलं.

सर पुढे आले. "मॅडम, हे नाटक होतं."

"माझ्या बापाचे दात नाटकात पडले नव्हते."

दुपारनंतर केंद्राकडून मला निर्वाणीचं सांगण्यात आलं. सगळ्यांसमोर माफी मागा, नाहीतर प्रमाणपत्र नाही, आणि ते नाही तर बढती नाही. शेजारी बसणारी इचलकरंजीची सहकारी कळवळून म्हणाली, "ताई, मागून टाका की माफी. पोटावर कशाला पाय आणताय?" तिला माझं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. पण सकाळी तीही हसली होती.

मी उभी राहिले. म्हणाले, "मारलं, त्याची चौकशी लावा. मी तोंड देईन. माफी मागणार नाही." आणि बॅग उचलून बाहेर पडले.

चौकशी लागली आहे. बढती अडली आहे. किल्ली अजून माझ्याकडे आहे.

पाळी शेपटापासून सुरू करावी, हा नियम त्याच प्रशिक्षणात पडद्यावर दाखवला होता. सगळ्यांनी तो उतरून घेतला. पाळतं कोण? गावोगाव आधी तोंडाचा ऊस भिजतो. परवा माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका संस्थेच्या चेअरमनचा फोन आला. "मॅडम, आदी आमचं भिजू द्या. न्हायतर पोरं ऐकायची न्हाईत."

धमकी मला कळते. लहानपणी पाहिली आहे.

या वेळी पाणी शेपटाच्या वस्तीत आधी जाईल. तिथलं भिजेपर्यंत वरचं एकही गेट उघडणार नाही. पोरांनी दांडे घेऊन यावं. मी गेटावर उभी असेन, आणि मारून घ्यायला नाही.