तारेवरच्या पाकोळ्या

"तारेवर कोण बसलंय, सांगा बगू!"

लोधिवली जवळ आली की आमचे ड्रायव्हरकाका हे विचारणारच. कर्जतहून रसायनीच्या कारखान्यात आम्ही सहाजण त्यांच्या व्हॅनने जायचो. शिकलेल्या माणसांना खंड्या आणि कोतवाल या पक्ष्यांतला फरक कळत नाही, याचं त्यांना भारी दुःख. तुमच्याही वाट्याला असा एखादा चक्रम ड्रायव्हर आला असेल.

थंडीत तिथल्या विजेच्या तारांवर उत्तरेकडून आलेल्या पाकोळ्या दाटीने बसत. होळीनंतर एका सकाळी तारा रिकाम्या दिसत. मग काका हळूच हॉर्न देत. "गेल्या पोरी. संबाळून जावा गं!" त्या दिवशी गाडीत रेडिओ बंद.

शेवटच्या वर्षी काका आमच्या चुका काढेनासे झाले. आम्ही काहीही सांगितलं तरी "बरोबर!" म्हणायचे. आम्हाला वाटलं, आपण हुशार झालो. एकदा गतिरोधकावर सगळ्यांची डोकी छताला आपटली, तेव्हा आम्ही रस्त्याला शिव्या दिल्या.

होळी झाली. एका सकाळी तारांवर एकही पाकोळी नव्हती. मी पुढे काकांशेजारी बसून हॉर्नची वाट बघत होते. काका खुशीत म्हणाले, "बगा, अजून हायत! गर्दी हाय नुसती!"

समोरून ट्रक येत होता. मी दाराची कडी घट्ट धरली. घरी चार वर्षांची लेक झोपलेली सोडून मी निघाले होते.

ट्रक गेल्यावर मी कसंबसं म्हटलं, "काका, गाडी बाजूला घ्या."

"का गं?"

"तारा रिकाम्या आहेत."

त्यांनी गाडी थांबवली.

"भ्यालीस?"

"हो. खूप." मला त्यांचा रागही आला होता.

"मी दिवाळीपास्नं भितोय," ते म्हणाले. "डाक्टर म्हनला, नजर आता नाय सुधरायची. रस्ता पाठ हाय. वाटलं, एवडं साल निभंल."

किल्ली माझ्या हातात देऊन ते उतरले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यानंतर त्यांनी गाडी चालवली नाही.

आता ते भिसेगावात घराच्या ओट्यावर बसून आवाजावरून पाखरं ओळखतात. मी गेले की विचारतात, "नवा ड्रायव्हर नीट बगतो ना गं?"

नवा ड्रायव्हर तरणाबांड आहे. यंदाही होळीनंतर पाकोळ्या गेल्या. तरी लोधिवली आली की मी विचारतेच, "तारेवर कोण बसलंय?"

"कोणी नाय, ताई! रोज काय तेच विचारता?" तो वैतागतो.

तेव्हा कुठे दाराच्या कडीवरची माझी मूठ सैल होते.