गुंजवण्याच्या म्याडम

भोरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना माझं नाव ‘कमवा आणि शिका’ योजनेत लागलं. ज्यांच्या घरची परिस्थिती बेताची आहे अशा मुलामुलींना तास संपल्यावर कॉलेजातच काम द्यायचं आणि त्याचे पैसे सरकारी अनुदानातून त्यांच्या खात्यावर जमा करायचे, अशी ती योजना. आमच्याकडे ती सांभाळणाऱ्या सरांनी मला विचारलं, “काय काम येतं?”

“भात लावता येतो,” मी म्हणाले.

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. कॉलेजात भातखाचर नसल्यामुळे त्यांनी मला ग्रंथालयात टाकलं.

काम तसं सोपं होतं. पुस्तकं पुसायची, सुटलेली पानं चिकटवायची, मुलांनी मराठीत घुसवलेलं अर्थशास्त्र परत अर्थशास्त्रात नेऊन ठेवायचं. ग्रंथपाल मॅडम भोर गावातल्याच. बोलणं स्वच्छ, साडीला एक सुरकुती नाही, आणि ग्रंथालयात कुणी खोकलं तरी त्या चष्म्यावरून बघायच्या. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. त्या मुलांना गावाच्या नावानं हाक मारायच्या. माझ्याआधी तिथं एक वेल्हे होता. मी गुंजवणे झाले.

संध्याकाळी वसतिगृहातून आईला फोन लावला. आमच्याकडे रेंज घरात येत नाही, मागच्या बांधावर येते, तीही उभं राहिलं तर. त्यामुळे आई फोनवर ओरडूनच बोलते.

“आई, मला कॉलेजात काम लागलं.”

“पैसं कोन देनार?”

“सरकार.”

“कायम हाय का?”

“अगं, तसं नाही,” असं मी म्हणाले, पण रेंज माझ्या आधीच गेली होती. त्यानंतर दोनच दिवसांनी पौर्णिमा आली. विहारात वंदना झाल्यावर आईनं ही बातमी सांगितली, आणि ज्यांनी बांधावरचं ओरडणं ऐकलं होतं त्यांनी तिला दुजोरा दिला.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले, तेव्हा मार्गासनीच्या पुढं एसटीत एका मावशींनी उठून मला जागा दिली. मला वाटलं, माझा चेहरा उतरलेला दिसत असेल. घरी पोचले तर ओट्यावर माणसं बसलेली. धरणात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचं कुठं अडलंय ते बघ, म्हणून एक चुलते. निराधार पगाराचे कागद घेऊन एक आजी. त्यांनी ते सरळ माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, “तुमी सरकारात हाय म्हनून आले बाई.”

सगळे गेल्यावर मी आईला समजावायला बसले. “आई, ही नोकरी नाही. शिकताना करायचं काम आहे.”

“मग? ट्रेनिंग आसतंच की आधी.”

“मी फडक्यानं पुस्तकं पुसते.”

“सायेब झाल्याबरूबर कुनी खुर्चीत बसवत न्हाई.”

दादा, म्हणजे माझे वडील, भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, “पेन्शन हाय का?”

“नाही,” मी म्हणाले. मला वाटलं, आता तरी पटेल.

दादांनी आईकडे बघून मान हलवली. “नव्या सरकारी लोकास्नी न्हाईच आता. खरंय तिचं.”

म्हणजे जे नव्हतं त्यानंही नोकरी पक्कीच झाली.

सुट्टी संपून मी भोरला आले आणि मागं स्थळ आलं. कामथडीचं. मुलगा शिरवळच्या कंपनीत, घरी थोडी शेती आणि एक टेम्पो. पदवी झाल्याशिवाय लग्नाचं नाव काढायचं नाही, असं मी फोनवर सांगितलं. ते आईला ऐकू आलं नाही. रेंज असताना तिला एवढं कमी ऐकू आलेलं मला आठवत नाही. मुलाचे वडील मात्र सावध माणूस. मुलगी बघण्याआधी नोकरी बघून येतो, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि कुणाला न सांगता भोरची एसटी धरली.

मी तेव्हा शिडीवर होते. सगळ्यात वरच्या कप्प्यात जुनी गॅझेटं होती आणि त्यांच्यावर मी जन्मायच्या आधीची धूळ. शिंका येतात म्हणून मी स्कार्फ डोळ्यांपर्यंत गुंडाळला होता. खालून आवाज आला.

“ओ ताई, गुंजवन्याच्या म्याडम कुठं बसत्यात?”

खाली इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले, हातात पेरूंची पिशवी घेतलेले गृहस्थ उभे होते. “मी कामथडीचा,” ते म्हणाले, आणि माझ्या हातातलं फडकं थांबलं. मी का तसं बोलले ते मला आजही नीट सांगता येत नाही. शिडीवरून तेच सोपं वाटलं.

“त्या मीटिंगला गेल्यात,” मी म्हणाले.

“आसं? मग बसतो.”

ग्रंथपाल मॅडमनी पिशवी काउंटरवर ठेवून घेतली आणि त्यांच्या हातात वर्तमानपत्र दिलं. ते पुटपुटत वाचायचे. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं की थांबायचे, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू. सोन्याच्या भावापर्यंत वाचून झाल्यावर त्यांनी खुर्ची उचलून माझ्या शिडीखाली आणली.

“सोभावाला कशा हायेत म्याडम?” त्यांनी हळूच विचारलं.

ही संधी सोडायची नाही असं मी ठरवलं. “चिडक्या आहेत. लई.”

“आसनारच. हुद्दा हाय.”

“स्वयंपाक अजिबात येत नाही त्यांना.”

“डबा लावतील. पगार हाय.”

“मोठ्यांना उलट बोलतात, असं ऐकलंय.”

“हाफिसात बोलावंच लागतं, न्हाईतर मान्सं डोक्यावर बसत्यात.” मग वर बोट दाखवून ते म्हणाले, “तो कोपरा ऱ्हायलाय तुमचा. म्याडम रागावतील.”

मी कोपरा पुसला. माझी बदनामी करायला मला आणखी काही सुचेना. एवढ्यात काउंटरवरून मॅडमचा आवाज आला.

“गुंजवणे, तो वरचा कप्पा झाला का? झाला असेल तर खाली ये.”

पाहुण्यांनी आधी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मग त्यांनी मान हळूहळू वर नेली. मी शिडीवरून उतरले. स्कार्फ सोडला. “जय भीम,” मी म्हणाले, कारण दुसरं काय म्हणणार.

त्यांनी माझं तोंड बघितलं, फडकं बघितलं, शिडी बघितली.

“जय भीम. संपली व्हय मीटिंग?”

मी त्यांना सगळं सांगितलं. नोकरी नाही, हुद्दा नाही, तासावर पैसे मिळतात आणि त्यात माझी पुस्तकं, एसटीचं भाडं आणि परीक्षेची फी भागते. ते ऐकत होते, पण खात्रीसाठी त्यांनी ग्रंथपाल मॅडमकडे पाहिलं. मॅडम उठून आल्या आणि त्यांनी पुस्तकी मराठीत योजनेची उद्दिष्टं सांगितली. ‘श्रमप्रतिष्ठा’ हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. पाहुणे दोन्ही वेळेला “व्हय व्हय” म्हणाले.

मला वाटलं, आता ते उठतील आणि रागानं जातील. ते उठले नाहीत.

“हे कुनाला भेटतं?” त्यांनी विचारलं.

“ज्यांच्या घरची परिस्थिती नसते त्यांना,” मॅडम म्हणाल्या.

“मग ते आमीच की.” त्यांनी मान खाली घातली. “माजी पोरगी बारावी झालीया. म्या तिला म्हनलं, पोराच्या लग्नाचा खर्च निघू दे, मग बगू कालेजचं. वरीस झालं, घरीच हाय. रोज इचारती. आता म्या उत्तर द्यायचंबी बंद केलंय.”

मग त्यांनी विचारलं, “पोरींना शिडीवर चढावंच लागतं का?”

“नाही,” मी म्हणाले. “बागेतही काम असतं.”

मी त्यांना सरांकडे घेऊन गेले. प्रवेश जूनमध्ये, कोणते दाखले लागतील, उत्पन्नाचा दाखला कुठं काढायचा, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं, आणि विसरायला नको म्हणून मुलीला फोन लावून तो सरांच्याच हातात दिला. पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. सर मात्र बराच वेळ “हो, खरंच” एवढंच म्हणत होते.

पेरू त्यांनी काउंटरवरच ठेवले. “म्याडमसाठी आनलं व्हतं,” एवढंच म्हणाले. कोणत्या मॅडम ते सांगितलं नाही. ग्रंथपाल मॅडमनी पर्समधून तिखटमिठाची पुडी काढली आणि आम्ही दोघींनी एकेक पेरू ग्रंथालयाच्या बाहेर उभं राहून खाल्ला. आत खायचं नाही असा नियम होता.

कामथडीहून आमच्या घरी निरोप गेला की मुलगी चांगली आहे, पण नोकरी नाही. त्याचा आमच्या वस्तीनं काढलेला अर्थ असा की माझी नोकरी गेली. पुढच्या वेळी मी घरी गेले तेव्हा ओट्यावर पुन्हा माणसं बसलेली, या वेळी सांत्वनाला. “राजकारन झालं आसंल,” चुलते म्हणाले. आजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. आईनं मला कढीभात वाढला आणि जेवण होईपर्यंत कुणाला माझ्याशी बोलू दिलं नाही.

जूनमध्ये कामथडीची मुलगी आली. बुटकी, ठसठशीत, वडिलांसारखीच प्रश्न विचारणारी. तिला बाग मिळाली. पहिल्या दिवशी तिला सोडायला आलेले तिचे वडील घरचं खुरपं घेऊन आले होते. ते तिच्या शेजारी वाफ्यात बसले आणि गवत काढायला लागले. सर धावत आले.

“अहो काका, तुम्ही नाही. हे तिनं एकटीनं करायचंय.”

“तिचं तीच करतीया,” ते मान वर न करता म्हणाले. “म्या फकस्त पयली वळ धरून देतो.”

सरांनी त्यांना हाताला धरून उठवलं आणि चहाला नेलं. ती वाफ्यात एकटी राहिली, ओढणी कमरेला खोचलेली. मी ग्रंथालयाच्या खिडकीतून बघत होते. तिनं वडील गेलेल्या दिशेला एकदा पाहिलं, मग त्यांनी काढलेलं गवत आणि स्वतः काढलेलं गवत असे दोन ढीग वेगळे केले, आणि पुढचं काम सुरू केलं.