वार कुणाची?

“प्लॅसेंटा खाली आहे असं दिसतं. आता घरी जायचं नाही. बाळंतपण होईपर्यंत इथेच, या खाटेवर.”

डॉक्टरीणबाईंनी एवढंच सांगितलं आणि त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. अकोल्याच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात मी पडले होते. सातवा महिना संपत आला होता. त्या दिवशी सकाळी मोरीत तोंड धुताना एकदम रक्त गेलं. दुखलं काहीच नाही. पातळ बदलून मी पुन्हा कामाला लागले, तर परत गेलं. तेव्हा सासूबाईंनी मला धरून बसवलं आणि टांगा आणवला. दवाखान्यात पोचेपर्यंत रक्त थांबलंसुद्धा होतं. त्यामुळे मला वाटत होतं, एखादं औषध देतील आणि संध्याकाळी घरी सोडतील.

ज्या बायकांना हे पुढे कधी भोगावं लागेल, त्यांच्यासाठी लिहिते आहे. म्हणून आधी आजाराचं नाव सांगते. प्लॅसेंटा प्रीव्हिया. प्लॅसेंटा म्हणजे वार. ती गर्भाशयात वरच्या बाजूला चिकटलेली असावी लागते. माझी खाली, बाळाच्या वाटेतच बसली होती. अशी वार थोडी जरी सुटली तरी रक्त जातं, आणि ते दुखत नाही. हीच त्याची खूण. न दुखणाऱ्या रक्ताला बायका भीत नाहीत, म्हणून घात होतो.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मला फक्त तो एक शब्द ऐकू आला होता, आणि तो माझ्या ओळखीचा होता.

मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते. माहेर अमरावतीचं. वडिलांनी मोलमजुरी करून मला बी.एस्सी. केलं; वनस्पतिशास्त्र घेऊन. लग्न झाल्यावर अकोल्याला आले, कारण यजमान तिथे बांधकाम खात्यात कारकून होते. प्लॅसेंटा मी दरवर्षी फळ्यावर काढायचे. फुलाच्या बीजकोशात बिया जिथे चिकटतात, ती जागा म्हणजे प्लॅसेंटा. पपईत ती भिंतीला असते, टोमॅटोत मधल्या खांबाला. ज्या झाडाची जशी ठेवण, तशीच ती प्रत्येक फळात. पपई कापली आणि बिया मधल्या खांबाला निघाल्या, असं कधी होत नाही.

हेच माझ्या डोक्यात बसलं. माणसाची वार मी कधी शिकले नव्हते. मला वाटलं, प्लॅसेंटा हा माझ्याच शरीराचा जन्मापासूनचा भाग आहे, आणि तो चुकीच्या जागी आहे. म्हणजे हे मूल गेलं तर पुढचंही जाईल, त्याच्या पुढचंही. माझी ठेवणच तशी.

कुणी मला बोल लावला नव्हता. सासूबाईंनी तर नाहीच. माझं शिक्षणच मला खात होतं.

खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या होत्या. पाय वर, डोकं खाली. उठायचं नाही, बसायचं नाही, शौचालाही खाटेवरच. मी सतत काहीतरी करत असायचे. चादरीचे दोरे ओढायचे, बांगड्या फिरवायचे, दारातून कोण येतं-जातं ते मान वळवून पाहायचे. वाचायला घेतलेलं पान तेच तेच वाचायचे. खोकला आला तरी दाबून धरायचे. जरा ओलं लागलं की हात खाली जायचा आणि मग बोटं पाहायची. घाम असायचा.

शेजारच्या खाटेवर हिवरखेडच्या सुभद्राबाई होत्या. त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. त्या एकदा म्हणाल्या, “बाई, तुमी काहून इतक्या तळमळून राहिल्या? पडाले भेटलं तं पडा न! मले तं जलमात पयल्यांदा असं पडाले भेटलं.”

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

सासूबाई दुपारी भाकरी आणि मुगाचं वरण घेऊन यायच्या. पांढरं लुगडं, कोपरापर्यंत गोंदलेले हात. धर्मांतर झाल्यापासून त्यांनी घरातले सगळे देव नदीत सोडले होते. नवस नाही, अंगारा नाही. एका दुपारी माझ्या पायांवरून हात फिरवताना त्यांचे ओठ हलले आणि मध्येच थांबले.

“काय झालं, आई?” मी विचारलं.

“काई नाई व. नवस तोंडात आलता.” त्या जमिनीकडे पाहत म्हणाल्या. “देव तं सोडले. आता मांगू कोनाले?”

मग त्यांनी हात जोडून हळू आवाजात बुद्धाचं त्रिशरण म्हटलं. म्हणून झाल्यावर शेवटी पुटपुटल्या, “माही सून अन् लेकरू, दोघंबी घरी येऊ दे.” कुणाला उद्देशून म्हणाल्या ते त्यांनाही ठाऊक नसावं.

रक्त पुन्हा गेलं नाही. तसतसा तिथे पडून राहायचा माझा धीर सुटत चालला. घरी जाऊन पडते, इथे पडणं आणि तिथे पडणं सारखंच, असं मी रोज यजमानांच्या मागे लागले. ते शांत स्वभावाचे. माझ्यासमोर त्यांचं काही चालत नसे. एका सकाळी ते रजा टाकून टांगा घेऊनच आले. मी केस बांधून तयार होते.

डॉक्टरीणबाई दारात भेटल्या. मध्यम वयाच्या, चष्मा लावणाऱ्या, फार न बोलणाऱ्या. त्यांनी आधी यजमानांना विचारलं, “तुमच्या घरून इथे यायला किती वेळ लागतो?”

“टांगा मिळाला तर लवकर पोचतो,” हे म्हणाले.

“आणि नाही मिळाला तर? हे रक्त एकदा सुरू झालं की नळ सोडल्यासारखं जाईल. बाई वाटेतच जातील. रक्त थांबलं म्हणजे आजार गेला असं नाही.”

यजमानांनी बाहेर जाऊन टांगा परत पाठवला.

माझा ताबाच सुटला. मी म्हणाले, “डॉक्टर, ठेवा मला इथे. पण पुढच्या वेळी काय? त्याच्या पुढच्या वेळी? माझी प्लॅसेंटाच जर खाली आहे, तर मला मूल होणारच नाही. एवढं तरी खरं सांगा.”

त्या माझ्याकडे वळल्या. “हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी पपई सांगितली. टोमॅटोसुद्धा सांगितला.

त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. “अहो, शब्द एक आहे, वस्तू दोन आहेत. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ चपटी पोळी. आमच्या वारेचा आकार तसा असतो, म्हणून आमच्या लोकांनी हे नाव ठेवलं. नंतर तुमच्या वनस्पतिवाल्यांनी ते उसनं नेलं. झाडाची प्लॅसेंटा फळाचाच भाग, ते बरोबर. बाईची वार तशी नाही. पोटात बाळ नसलं तर वारही नसते. गर्भ रुजतो त्याच्याबरोबर ती तयार होते. थोडी तुमची आणि बरीचशी बाळाची. बाळ जन्मलं की तीही पडून जाते. पुढच्या खेपेला सगळं नवं, जागाही नवी.”

“मग पुन्हा असं होणार नाही?”

“होणारच नाही असं नाही. पण होईलच असंही नाही. आणि तुमच्यात खोट आहे, असं तर मुळीच नाही.” त्या उठल्या. “आता केस सोडा आणि पडा.”

त्या दिवशी मी पोटभर जेवले. तळमळ गेली असं मात्र म्हणणार नाही. आतापर्यंत मी माझ्यासाठी घाबरत होते. आता वाटू लागलं, त्या एवढ्याशा जिवाने अंधारात चाचपडत जी जागा सापडली ती धरली आहे, आणि ती सुटायला नको. मी कुशीवर वळतानाही त्याला विचारून वळू लागले.

डॉक्टरांनी रक्ताची सोय आधीच करून ठेवायला सांगितलं होतं. यजमानांचं रक्त जुळलं. सासूबाईंनीही हात पुढे केला, तर त्यांना अशक्तपणा आहे म्हणून नको म्हणाले. त्या भडकल्याच. “माह्यं रगत काय पानी हाय?” त्यांचं समाधान करायला नर्सला बराच वेळ लागला.

नववा महिना लागला आणि एका दुपारी, भेटायला आलेली माणसं निघायच्या बेतात असताना, पाठीखाली गरम वाटलं. या वेळी बोटं पाहायची गरज नव्हती. गादी भिजली होती. सुभद्राबाई ओरडल्या, “नरसबाई! धावा!” आपलं ऑपरेशन झालेलं पोट दाबून धरत त्या स्वतःच दारापर्यंत गेल्या.

पुढचं तुटक आठवतं. ढकलगाडीची करकर. सोबत चालणारे यजमान. त्यांच्या बाहीचं बटण उघडं होतं, हात आधीच तयार. डॉक्टरीणबाईंचा आवाज: “आता पोटावाटे काढायचं. घाबरू नका, मोठा श्वास घ्या.” नाकावर जाळी, ईथरचा गोड उग्र वास. मी मनात बाळाला सारखं म्हणत होते, धरून ठेव, धरून ठेव.

शुद्धीवर आले तेव्हा वर रक्ताची बाटली लटकत होती आणि घसा कोरडा पडला होता. “बाळ?” मी विचारलं.

सासूबाई पुढे झाल्या. त्यांच्या हातात कापसाचं गाठोडं होतं. कापूस बाजूला केला तर आत मुठीएवढं तोंड, लालभडक, रागावलेलं.

“पोट्टी हाय,” त्या म्हणाल्या. “बारकी हाय, पन वरडते कशी!”

तिला कापसात गुंडाळून, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून वाढवलं. ड्रॉपरने दूध पाजलं. पुढे धाकटा झाला, तेव्हा वार वर होती. पोटावर आधीची शिवण असल्यामुळे तोही दवाखान्यातच झाला, पण आपल्या वाटेने, काही त्रास न होता.

त्या डॉक्टरीणबाईंची नंतर बदली झाली. त्यांचे आभार मानायला शब्द मिळत नाहीत. त्यांनी माझा जीव वाचवला, पण त्याही आधी स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या. ते बसणं मला जास्त आठवतं.

काही वर्षांनी आमच्या चाळीतली एक पोटुशी सून पदराआड तोंड लपवून माझ्याकडे आली. “बाई, कपड्याले लागलं. पन दुखत नाई. सांगू का नको, समजेना.”

मी शास्त्र शिकवणारी. एरवी खडू हातात असला की थांबत नाही. तिला मी एक शब्दही समजावला नाही. चूल विझवली, पायात चपला घातल्या आणि तिचा हात धरला.

“चल,” म्हटलं. “मी सोबत आहे.”