वय झालं म्हणे

दुपारच्या शांततेत जांभ्याची पाण्याची वाटी फरशीवर घासत सरकते. बाळ पिता पिता झोपलंय. माझेही डोळे जड होतात. वाटी पुन्हा सरकते, तर ती सरकवणारी शकूमावशी.

मावशी गेली, तेव्हा तिचा हा कुत्रा मी घरी आणला. आता तो लंगडतो, घरात शू करतो. म्हणून निनाद, माझा नवरा, आज संध्याकाळी त्याला प्राण्यांच्या आश्रमात सोडून येणार आहे.

"किती पाणी पितोय हा," मावशी म्हणते. "दाखवलंत का कुणाला?"

मी सांगते, दाखवलं. डॉक्टरांना मूत्रपिंडांची शंका आहे. ती थकली की रक्तातलं कॅल्शियमचं गणित बिघडतं, मग शरीर हाडांतून काढून घेतं. रक्त तपासल्याशिवाय कॅल्शियमची पावडर देऊ नका म्हणाले. पण निनाद म्हणाला, म्हाताऱ्या कुत्र्याच्या कसल्या तपासण्या, वय झालं त्याचं. पावडर तेवढी चालू आहे.

स्वयंपाकघराचा ओटा लांबत जातो, त्याची खाट होते. हा तर मावशीचा वॉर्ड. खुबा मोडून ती पडलेली, जांभ्या माझ्या मांडीवर. पांढऱ्या कोटातलं कुणीतरी न थांबता म्हणत जातं, वय झालं.

मावशी ताडकन उठून बसते. "वय म्हणजे काय घरगडी आहे? काहीही फुटलं की त्याच्यावर ढकलायचं?" जांभ्याचा जबडा ती हलक्या बोटांनी चाचपते. "मऊ लागतोय गं. भांड्याला भोक, आणि तुम्ही वरून ओतताय." मग माझ्याकडे वळते. "तू अंगावर पाजतेस, तर तुझ्या हाडांची काळजी सगळ्यांना. ह्याचीच का जड झाली?"

मी काही बोलणार, तेवढ्यात ती माझं मनगट आवळते.

"माझं कुणी बघितलं नाही. ह्याचं बघ."

जाग येते. मनगटावर चार बोटं लाल उमटलेली. बाळ तर दुसऱ्या कुशीला आहे.

मी निनादला फोन करून सांगते, संध्याकाळी आश्रमात कुणी जाणार नाही, आधी रक्त तपासायचं. तो काही म्हणायच्या आत फोन ठेवते. जांभ्याला पट्टा बांधते. घाईत बक्कल लागत नाही. पाच वर्षांची रेवा येऊन ते लावून देते, त्याच्या कानामागे खाजवते.

"आई, तपासून डॉक्टरपण म्हणाले, वयच झालंय, तर?"